सूत कातणारीचा अर्ज

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१८२८ सालच्या जानेवारीत ‘समाचार दर्पण’ या बंगाली वृत्तपत्रात एक अर्ज छापून आला. कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरचे मिशनरी हे वृत्तपत्र चालवत. अर्ज करणारी होती शांतिपूरची एक विधवा. शांतिपूर म्हणजे नदिया जिल्ह्यातलं विणकरांचं जुनं गाव, तलम कापडासाठी नावाजलेलं. बाईनं नाव दिलेलं नाही. दुःखात पडलेली एक सूत कातणारी, एवढीच तिची ओळख.

तिची हकिकत थोडक्यात अशी. बाविसाव्या वर्षी नवरा गेला. पदरात तीन मुली, घरात म्हातारे सासू-सासरे. होते नव्हते ते दागिने नवऱ्याच्या श्राद्धात गेले. उपासमारीची वेळ आली तेव्हा तिनं चरखा आणि टकळी हाती घेतली. सकाळचं घरकाम आटोपून कातायला बसायचं, सगळ्यांची जेवणं झाली की पुन्हा बसायचं. विणकर दारात येऊन रुपयाला तीन तोळे या भावानं सूत घेऊन जात, मागितली तर उचलही देत. या कमाईवर तिनं तिन्ही मुलींची लग्नं लावली. सासरा गेला तेव्हा त्याचं क्रियाकर्म रीतीप्रमाणं केलं. आणि मग गेली तीन वर्षं विणकर यायचेच बंद झाले. बाजारात सूत पाठवलं तर जुन्या भावाच्या पाव हिश्शानंही कोणी घेईना. चौकशी केली तेव्हा कळलं की विलायती सूत आलंय आणि ते तीन-चार रुपये शेरानं मिळतं.

शेराचे तोळे ऐंशी. म्हणजे तिच्या सुताचा जुना भाव शेराला सव्वीस-सत्तावीस रुपये पडत होता. तिचं सूत अधिक तलम असेल हे धरलं तरी हा फरक कुणाचंही घर बुडवायला पुरेसा होता.

आता या अर्जातली मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट सांगतो. ही बाई सरकारवर रागावत नाही, व्यापाऱ्यांनाही शिव्या देत नाही. ती विचार करते. आपल्याइतकं दुर्दैवी कोणी नाही असं तिला वाटत होतं. आता तिला वाटतं की विलायतेतल्या कातणाऱ्या बायका आपल्याहूनही गरीब असल्या पाहिजेत, त्याशिवाय इतक्या कष्टाचं सूत कोण एवढ्या स्वस्तात विकेल? तिकडे गिऱ्हाईक मिळालं नाही म्हणून त्यांनी ते इकडे पाठवलं असणार. त्या सुताचं कापड दोन महिनेही टिकत नाही, असंही ती नोंदवते. आणि शेवटी त्या तिकडच्या बायकांनाच विनवते की हे सूत इकडे पाठवणं बरं आहे का, याचा तुम्हीच विचार करा.

अर्ज तिनं स्वतः लिहिला की कुणाकडून लिहवून घेतला, हा प्रश्न उरतोच. पण पोटावर पाय आलेल्या माणसाला जगाचा व्यापार कसा दिसतो, याचा इतका प्रामाणिक कागद मला दुसरा ठाऊक नाही.

तिचा तर्क चुकला होता, पण वेडगळ नव्हता. माल स्वस्त आला म्हणजे कुठेतरी मजुरी स्वस्त असणार, हे गृहीत आजही आपण धरतोच. तिला माहीत नव्हतं ते असं, की त्या सुतामागे माणसाचे हात जवळजवळ नव्हतेच. कापडाच्या इतिहासकारांनी एक हिशेब मांडलेला आहे. शंभर पौंड कापूस हातचरख्यावर कातायला साधारण ५० हजार तास लागत. क्रॉम्प्टनचं ‘म्यूल’ यंत्र आलं तेव्हा, १७८० च्या सुमारास, हेच काम २ हजार तासांवर आलं. १७९५ मध्ये ते ३०० तासांवर उतरलं. आणि १८२५ मध्ये रॉबर्ट्सचं स्वयंचलित म्यूल आलं तेव्हा १३५ तास पुरेसे झाले. जगातला कोणताही चरखा, कितीही कमी मजुरीत, याच्याशी स्पर्धा करू शकत नव्हता. ब्रिटनमधून हिंदुस्थानात येणारं सूत १८२४ मध्ये १ लाख २१ हजार पौंड होतं. १८२८ पर्यंत ते ४० लाख पौंडांच्या पुढे गेलं. बाई म्हणते ती तीन वर्षं नेमकी हीच.

आणि विलायतेतल्या त्या गरीब कातणाऱ्या? त्या होत्या, पण त्यांचे चरखे तिच्याही आधी थांबले होते. १७७९ मध्ये लँकेशायरात चॉर्लीजवळची आर्कराइटची गिरणी जमावानं जाळून-मोडून टाकली होती, ती याच रागापोटी. शांतिपूरच्या बाईला हे कळलं असतं तर तिचा अर्ज कदाचित वेगळा झाला असता. पण त्या दोघींची गाठ घालून देणारं तेव्हा कोणी नव्हतं.

आता शंभर वर्षं मागे जाऊ, कारण हाच तर्क लंडनच्या विणकरांनी आपल्याबद्दल केला होता.

सतराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानी छिटांनी इंग्लंडला वेड लावलं. धुतली तरी रंग जात नाही असं सुती कापड तिकडे कुणी पाहिलं नव्हतं. राणीसाहेबांपासून मोलकरणीपर्यंत सगळ्यांच्या अंगावर कॅलिको. लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांचे माग बंद पडू लागले. १६९७ मध्ये विणकरांच्या जमावानं लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीवर हल्ला केला. १७०० मध्ये पार्लमेंटनं रंगीत आणि छापील कापडाच्या आयातीवर बंदी घातली, तर व्यापाऱ्यांनी कोरं कापड आणून ते लंडनमध्येच छापायला सुरुवात केली. मग १७१९ च्या जूनमध्ये स्पिटलफील्ड्सचे विणकर रस्त्यावर उतरले. छिटाचा झगा घातलेली बाई दिसली की तो फाडायचा, त्यावर शाई नाहीतर तेजाब फेकायचं. डॅनियल डीफो, ज्याचं ‘रॉबिन्सन क्रूसो’ याच वर्षी प्रसिद्ध झालं, तो विणकरांच्या बाजूनं लेखणी चालवत होता. अर्धपोटी राहणारा परदेशी कारागीर आमच्या माणसाचं काम हिरावतो, हा या बाजूचा मुख्य मुद्दा.

हिंदुस्थानी विणकर खरोखर अर्धपोटी होता का, यावर इतिहासकारांत वाद आहे. प्रसन्नन पार्थसारथी यांच्या मते, दक्षिणेतल्या विणकराची मजुरी रुपयात कमी दिसली तरी तिकडे धान्य इतकं स्वस्त होतं की पोटाला मिळण्यात तो इंग्लंडच्या विणकराच्या बरोबरीचा होता. दुसऱ्या काही अभ्यासकांना हे मान्य नाही. मला स्वतःला पार्थसारथींचं म्हणणं निदान अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापुरतं पटतं.

पण त्या काळातलं एक पुस्तक मात्र अगदी आजचं वाटावं असं आहे. १७०१ मध्ये लंडनमध्ये पूर्वेकडच्या व्यापाराविषयी एक निनावी पुस्तिका निघाली. हेन्री मार्टिन नावाच्या गृहस्थाची ती असावी असं अभ्यासक मानतात. तिचा युक्तिवाद असा की, जे कापड हिंदुस्थानातून कमी श्रमाच्या मोबदल्यात मिळतं ते घरी जास्त माणसं लावून करणं म्हणजे लाकूड कापायची चक्की असताना हातानं करवत ओढत बसणं. परदेशी व्यापार हेही श्रम वाचवणारं एक यंत्रच. खुल्या व्यापाराचा इतका स्वच्छ पुरस्कार ॲडम स्मिथच्याही पंचाहत्तर वर्षं आधी झाला, तोही आपल्या कापडाच्या बाजूनं! पण तो कुणी ऐकला नाही. १७२१ मध्ये कायदा झाला: छापील कॅलिको अंगावर दिसली तर पाच पौंड दंड, विकणाऱ्याला वीस. हा कायदा १७७४ पर्यंत टिकला. त्याच्या आडोशाला लँकेशायरचा सुती धंदा रांगायला आणि मग चालायला शिकला.

इथं मला जे म्हणायचंय ते सांगून टाकतो. स्पिटलफील्ड्सचा विणकर आणि शांतिपूरची विधवा यांचं गाऱ्हाणं एकच. फरक एवढाच की विणकर आपल्या पार्लमेंटच्या दाराशी जाऊन आरडाओरडा करू शकत होता आणि त्याच्या पाठीशी लोकरीचे धनी, जमीनदार उभे होते. शांतिपूरच्या बाईचं पार्लमेंट सहा महिन्यांच्या जलप्रवासावर होतं आणि तिथं तिच्या बाजूचं कोणी बसत नव्हतं. जकात बसवायची की उठवायची हे अर्थशास्त्राच्या सिद्धांतावर फार क्वचित ठरलं. ते ठरलं कुणाचं ऐकलं जातं यावर.

पुढची पन्नास वर्षं याचा पुरावा देतात. १८१३ च्या सुमारास, लँकेशायर स्वतःच्या पायावर भक्कम उभं असतानाही, ब्रिटनमध्ये हिंदुस्थानी सुती कापडावर सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत जकात होती. उलट विलायती कापड बंगालमध्ये अडीच टक्के भरून उतरत होतं. आणि त्याच बंगालमध्ये देशी कापड एका जिल्ह्यातून दुसऱ्यात नेताना नाक्या-नाक्यावर जो कर पडे, तो साडेसतरा टक्क्यांपर्यंत जाई. हे अंतर्गत नाके बंगालमध्ये १८३६ मध्ये उठले. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

विणकरांच्या हाडांनी हिंदुस्थानची मैदानं पांढरी झाली, असं गव्हर्नर जनरल बेंटिंक म्हणाल्याचं आपल्याकडे अनेक पुस्तकांत छापलेलं असतं. बेंटिंकच्या कागदपत्रांत ते वाक्य संशोधकांना सापडलेलं नाही. ते वगळलं तरी बिघडत नाही, कारण खरी हानी त्या वाक्यात आलेलीच नाही. विणकर सगळे मेले नाहीत. पुष्कळांनी विलायती सूत विकत घेऊन त्यावर माग चालू ठेवला, कमी मिळकतीवर, सावकाराच्या उचलीवर. सोलापुरात तेलंगणातून आलेले पद्मशाली, मालेगावात उत्तरेतून आलेले मोमीन विणकर, हे असेच तगले आणि वाढलेही. विणकराला स्वस्त सुताचा फायदाच झाला म्हणा ना. बुडाली ती सूत कातणारी. आणि ती जवळजवळ नेहमी बाई होती.

फ्रान्सिस ब्युकॅनन यानं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बिहारची पाहणी केली. एकट्या पाटणा-गया भागात त्याला ३ लाख ३० हजारांवर सूत कातणाऱ्या बायका आढळल्या. शहाबाद जिल्ह्यात दीड लाखांवर. बहुतेक जणी दुपारचे काही तासच कातत आणि वर्षाकाठी प्रत्येकीच्या हाती फार तर तीन-चार रुपये पडत. एवढी क्षुल्लक रक्कम! म्हणूनच तिला कुणी मजुरी म्हटलं नाही आणि ती गेल्याची नोंदही कुणी ठेवली नाही. पण विधवेला, परित्यक्तेला, घराबाहेर पडता न येणाऱ्या बाईला हाताला लागेल असं तेवढंच काम होतं. कारखान्याला टाळं लागलं तर निदान टाळं दिसतं. लाखो घरांतल्या ओसरीवरचा चरखा माळ्यावर गेला तर काय दिसणार?

मराठी माणसांनी हे लवकर ओळखलं. १८४१ मध्ये भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये ‘एक हिंदू’ या टोपणनावानं इंग्रजी पत्रं लिहून देशी कारागिरीच्या नाशाचा जाब विचारला. १८४३ मध्ये रामकृष्ण विश्वनाथ यांनी हिंदुस्थानच्या स्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं. लोकहितवादींनी ‘शतपत्रां’तून देशी माल वापरायला सांगितलं. सार्वजनिक काका, गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबारात हातानं कातलेल्या सुताचे कपडे घालून गेले. आणि त्याच १८७७ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी मुंबईत खुला व्यापार आणि संरक्षण यावर व्याख्यान देऊन इंग्रजांच्या शास्त्राला त्यांच्याच भाषेत उत्तर दिलं. जाता जाता एक शब्दाची गंमत. आपण ज्याला मांजरपाट म्हणतो तो शब्द आंध्रातल्या मादापोल्लम या गावावरून आला असं मानतात. तिथलं कापड आधी विलायतेत गेलं. नंतर त्याच नावाचं कापड लँकेशायरात विणून इकडे येऊ लागलं.

तेलंगांच्या व्याख्यानाला निमित्त होतं. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला गिरणी काढली, दोन वर्षांत ती सुरू झाली आणि वीस वर्षांत मुंबईच्या चिमण्या लँकेशायरच्या डोळ्यांत खुपू लागल्या. १८७४ मध्ये मँचेस्टरच्या व्यापारी मंडळानं मागणी केली की हिंदुस्थानातली कापडावरची पाच टक्के जकात उठवा, ती खुल्या व्यापाराच्या तत्त्वाला बाधक आहे. लिटननं १८७९ मध्ये, दुष्काळ नुकताच सरलेला आणि अफगाण युद्ध चालू असताना, आपल्या कौन्सिलातलं बहुमत बाजूला सारून जाड्याभरड्या कापडावरची जकात सोडून दिली. १८८२ मध्ये उरलेलीही गेली. पुढे पैशाची चणचण भासली म्हणून १८९४ मध्ये जकात परत आली. पण मँचेस्टरचं मन राखायला १८९६ मध्ये आयात कापडावर साडेतीन टक्के आणि मुंबईच्या गिरणीत विणलेल्या कापडावरही साडेतीन टक्के कर बसला. लँकेशायर जे जाडंभरडं कापड करतही नव्हतं, त्यावरसुद्धा. गरिबाच्या धोतरावर कर बसवून श्रीमंत स्पर्धकाची समजूत काढली गेली. टिळकांनी विलायती कापडावर बहिष्काराची हाक दिली ती याच वेळी.

या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती आपल्याकडे कमी सांगितली जाते. मुंबईचे मजूर फार तास राबतात, लहान मुलं कामाला लावली जातात, म्हणून तिथलं कापड स्वस्त पडतं, अशी ओरड लँकेशायरनं सुरू केली. हेतू उघड होता. म्हणून आपल्या बहुतेक राष्ट्रीय वृत्तपत्रांनी १८८१ च्या फॅक्टरी कायद्याला मँचेस्टरचा डाव म्हणून विरोध केला. डाव होताच. पण तक्रार खरी होती! हे म्हणायचं धाडस केलं नारायण मेघाजी लोखंडे यांनी. ‘दीनबंधु’चे संपादक, सत्यशोधक. १८८४ मध्ये त्यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला: आठवड्याला एक सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विश्रांती द्या, सूर्यास्तानंतर काम नको, पगार पंधरा तारखेच्या आत द्या, अपघात झाला तर भरपाई द्या. १८९० मध्ये गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. आज रविवारी ही पुरवणी निवांत वाचताना त्यांची आठवण ठेवायला हरकत नाही.

देशी धंद्याचं हित आणि देशी मजुराचं हित एक नव्हे, हे लोखंड्यांना कळलं होतं. १९२५ मध्ये ते सगळ्या मुंबईला कळलं. पहिल्या महायुद्धानंतरची तेजी ओसरली होती. चीनमधला सुताचा बाजार जपाननं कधीच घेतला होता आणि आता जपानी कापड मुंबईतच उतरत होतं. गिरणीमालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. आमच्यावर अन्यायकारक कर आहे, तो काढा, आम्ही कपात मागे घेऊ, असं त्यांचं म्हणणं. सप्टेंबरच्या मध्याला सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. अनेकांनी कोकणची, देशावरची वाट धरली. अडीच महिने गिरण्या बंद राहिल्या. डिसेंबरच्या आरंभी सरकारनं तो कर स्थगित केला, कपात मागे घेतली गेली, भोंगे पुन्हा वाजले. पुढच्या वर्षी कर कायमचा गेला. तीस वर्षं व्याख्यानांनी, ठरावांनी, अर्जांनी जे साधलं नव्हतं ते साधायला शेवटी कामगारांची उपासमार खर्ची पडली. मालकांनी मात्र १९२८ मध्ये एकेका विणकराला दोनऐवजी तीन माग देण्याची योजना आणली आणि पुन्हा सहा महिने संप झाला.

जपानबद्दल मुंबईचे मालक १९२७ च्या टॅरिफ बोर्डापुढे काय म्हणत होते? तिकडे बायकांना रात्रपाळीत राबवतात, दोन-दोन पाळ्या चालवतात, म्हणून त्यांचं कापड स्वस्त. बोर्डानं हे मान्य केलं. म्हणजे १७१९ मध्ये लंडन आपल्याबद्दल जे म्हणत होतं, १८७० नंतर लँकेशायर मुंबईबद्दल जे म्हणत होतं, तेच आता मुंबई ओसाकाबद्दल म्हणत होती. या वेळी तरी रात्रपाळीतल्या त्या जपानी मुली खरोखरच शांतिपूरच्या बाईनं कल्पिलेल्या गरीब कातणाऱ्या होत्या.

आणि लँकेशायर? १९१३ मध्ये ब्रिटननं जवळजवळ ७०० कोटी वार सुती कापड बाहेर पाठवलं होतं, त्यातलं सुमारे ३०० कोटी वार एकट्या हिंदुस्थानात. १९३८ मध्ये एकूण निर्यात दीडशे कोटींच्याही खाली आली होती. जपान, मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या, नव्या जकाती, मंदी, आणि बहिष्कार. १९३१ च्या सप्टेंबरात गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी लँकेशायरातल्या डार्वेनला गेले, बेकार झालेल्या गिरणी कामगारांना भेटले. त्यांनी त्यांचं दुःख नाकारलं नाही, पण बहिष्काराबद्दल माफीही मागितली नाही. तुमच्याकडे तीस लाख बेकार आहेत, आमच्याकडे वर्षाचे सहा महिने तीस कोटी रिकामे बसतात, आणि तुमच्या बेकारीभत्त्याइतकं उत्पन्न आमच्या शेतकऱ्याच्या स्वप्नातही येत नाही, अशा अर्थाचं ते बोलले. बायांनी त्यांच्याभोवती गर्दी करून जयजयकार केल्याचं छायाचित्र अजून पाहायला मिळतं. शांतिपूरच्या बाईला जिच्याशी बोलायचं होतं ती कातणारी शेवटी शंभर वर्षांनी भेटली ती अशी, तीही बेकार.

१९५८ च्या आसपास ब्रिटनमध्ये बाहेरून येणारं सुती कापड बाहेर जाणाऱ्यापेक्षा जास्त झालं. लँकेशायरनं मग हाँगकाँग, भारत आणि पाकिस्तान यांना विनंती केली की आपण होऊन निर्यातीला आवर घाला, आणि त्यांनी ती मान्य केली. १९५९ मध्ये पार्लमेंटनं जुनी चाती आणि माग मोडीत काढायला गिरणीमालकांना पैसे देण्याचा कायदा केला. कापडावरच्या अशा आंतरराष्ट्रीय मर्यादा पुढे वाढत गेल्या आणि १ जानेवारी २००५ ला संपल्या.

डार्वेन गावात १८६७ साली बांधलेली तीनशे फूट उंचीची एक देखणी विटांची चिमणी अजून उभी आहे. तिच्या पायथ्याच्या गिरणीतून आता सूत निघत नाही. गिरणीचं नाव ‘इंडिया मिल’.